परतीची बस

पेडणे तालुक्यातल्या गावात बाईला एकटीनं घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. ही कारणं ठरलेली आहेत. बँक, दवाखाना, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कोणाकडचं बारावं, देवाचं कार्य, लेकीचं बाळंतपण. यातलं एक सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही. धारगळला दोन खांबांपाशी बसची वाट बघत उभं राहिलं की ओळखीचं माणूस हमखास भेटतं. "बाई, खंय चललात? एकट्याच?" या विचारण्यात टोचणी नसते. आमच्याकडे चौकशी ही मायेची रीत आहे, आणि कोणी ती केली नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल. पण "जुन्या गोव्याचं म्युझियम बघायला" असं उत्तर दिलं की समोरची बाई जरा थांबते. उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही असं तिला वाटतं. पाहुणे आले असतील, शाळेची सहल असेल, काहीतरी सरकारी काम असेल. यातलं काहीच नाही, मला बघायचंय म्हणून मी चालले आहे, हे कारण त्या यादीत अजून चढलेलं नाही.

मी हायस्कुलात इतिहास शिकवला. मुलांना घेऊन पणजीला, जुन्या गोव्याला, तेरेखोलच्या किल्ल्यावर जायची. सहलीत बाईंचं लक्ष वस्तूंपेक्षा मुलांवर असतं, आणि असायलाच हवं. त्यामुळे ज्या मूर्तींची माहिती मी मुलांना सांगत होते त्या मूर्तींसमोर मी स्वतः कधी शांतपणे उभी राहिले नव्हते. ते निवृत्तीनंतर झालं, आणि त्याची सुरुवात गोव्यात न होता फार लांब, स्टॉकहोममध्ये झाली.

भाची तिथं नोकरीला आहे. सकाळी ती ऑफिसला गेली की संध्याकाळपर्यंत मी मोकळी. तिनं माझ्या हातात प्रवासाचं कार्ड ठेवलं आणि नियम समजावून सांगितला. तिकीट अंतराचं नसतं, वेळेचं असतं. एकदा कार्ड टेकवलं की 75 मिनिटं ते चालतं. तेवढ्या वेळात भुयारी रेल्वे, बस, ट्राम, एवढंच काय, शहरातल्या पाण्यावरच्या बोटीतही बसता येतं, कितीही वेळा उतरून चढता येतं. थांब्यावर पुढची गाडी किती मिनिटांनी येणार ते दिसत असतं. स्वीडिश भाषेतलं एक अक्षर मला कळत नव्हतं. तरी त्या शहरात मी कुणाला काही न विचारता फिरू शकले, आणि मला कुणी काही विचारलं नाही. पहिले काही दिवस हे न विचारणं माझ्या अंगावर आलं. नंतर लक्षात आलं की इथल्या लोकांनी माझ्या येण्याचं कारण आधीच गृहीत धरलेलं आहे. गाडीत बसलेला माणूस कुठंतरी चालला आहे, एवढं त्यांना पुरतं.

त्या शहरातलं मी पाहिलेलं पहिलं संग्रहालय म्हणजे तिथली भुयारी रेल्वेच. ती 1950 साली सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत व्हेरा निल्सन आणि सीरी देर्केर्त या दोन चित्रकार स्त्रियांनी आग्रह धरला की रोज कामाला जाणाऱ्या माणसांच्या वाटेत कला असली पाहिजे. त्यांचं म्हणणं मानलं गेलं. आज शंभर स्थानकांपैकी नव्वदांहून अधिक ठिकाणी चित्रं, शिल्पं, मोझेक आहेत. टी-सेंट्रालेन या मधल्या मोठ्या स्थानकात सगळ्या मार्गांची गर्दी एकत्र येते. तिथल्या गुहेसारख्या खडकाळ छतावर पेर ओलोफ उल्तवेत यांनी 1975 साली निळ्या वेली रंगवल्या. निळा रंग निवडला तो धावपळीतल्या माणसांना थोडं शांत वाटावं म्हणून. पण मी सगळ्यात जास्त वेळ बसले ती ऑस्टरमाल्मस्तोर्ग स्थानकात. तिथल्या काँक्रीटच्या भिंतींवर सीरी देर्केर्त यांनी वाळूचा मारा करून रेषा कोरल्या आहेत. काम 1965 मध्ये पूर्ण झालं. विषय आहेत स्त्रियांचे हक्क, जगातली शांतता आणि निसर्ग. त्या रेषांत बायका आहेत, त्यांची नावं आहेत. हे काम करताना देर्केर्त सत्तरी ओलांडलेल्या होत्या.

मी बाकावर बसले. गाड्या येत होत्या, जात होत्या. वर्गात मी किती वेळा सांगितलं असेल की इतिहासात बायकांची नावं कमी सापडतात, शोधावी लागतात. इथं ती फलाटाच्या भिंतीवर होती, कामावर निघालेल्या नर्स, दप्तर घेतलेल्या मुली यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यासाठी वेगळं तिकीट नव्हतं आणि वेगळा दिवसही ठरवावा लागत नव्हता.

स्लुसेनच्या धक्क्यावरून युर्गोर्डेन बेटावर बोट जाते. तिथं वासा संग्रहालय आहे. त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण गोव्याकडे बघण्याची माझी दृष्टी तिथं बदलली.

वासा ही राजा दुसऱ्या गुस्ताव आडोल्फनं बांधून घेतलेली युद्धनौका. 64 तोफा, दोन तोफमजले, सगळ्या अंगावर कोरीव आकृत्या. 10 ऑगस्ट 1628 रोजी ती स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्या प्रवासाला निघाली. वाऱ्याच्या झोताबरोबर कलली, खालच्या तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि जेमतेम 1,300 मीटर जाऊन बुडाली. वरचं वजन जास्त आणि तळाचं कमी, हे तिच्या बुडण्याचं कारण. अँडर्स फ्रान्झेन या माणसानं 1956 साली ती शोधून काढली. त्याचा तर्क मला फार आवडला. उष्ण, खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो; अळीसारखा दिसतो, पण खरं तर तो शिंपल्याच्या जातीचा आहे. तो बुडालेलं जहाज काही वर्षांत संपवून टाकतो. बाल्टिक समुद्राचं पाणी थंड आणि कमी खारट, तिथं तो जगत नाही. म्हणजे इथं बुडालेलं लाकूड शिल्लक असलंच पाहिजे, असं फ्रान्झेननं मानलं आणि शोधत राहिला. 24 एप्रिल 1961 रोजी, 333 वर्षांनी, वासा पाण्याबाहेर आली. मग लाकूड सुकून तडकू नये म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकोल नावाच्या द्रावणाचा फवारा तिच्यावर 17 वर्षं चालू ठेवला. आज ती मंद उजेडातल्या एका प्रचंड दालनात उभी आहे, आणि तिच्यातलं बहुतेक लाकूड मूळचंच आहे.

1961 हा आकडा गोव्याच्या माणसाला थांबवतोच. त्याच वर्षी, 19 डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. पण मी त्या दालनात उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात मांडवी होती. ज्या पाण्यावर गोव्याच्या कदंब राजांची आरमारं फिरली, नंतर पोर्तुगिजांची जहाजं नांगरली, तिथं यातलं एक तरी जहाज का उरलं नाही? उत्तर समोर होतं. आमचं पाणी उबदार आहे, खारं आहे, आणि तो लाकूडखाऊ प्राणी त्यात सुखानं राहतो. आमचे होडीवाले होडीच्या तळाला तेल आणि राळ लावत आले ते त्याच्याच भीतीनं. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची खडकापाशी सतराव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज शोधलं. तिथं तोफा मिळाल्या, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, मातीच्या बरण्यांचे तुकडे मिळाले. टिकणारं ते टिकलं. जहाज मात्र गेलं होतं.

मग आमची जहाजं आहेत कुठं? ती दगडात आहेत. हे मला माहीत होतं, मुलांना सांगतही होते, पण त्या दिवशी वासासमोर ते पहिल्यांदा कळलं. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात कदंबकाळातले वीरगळ आहेत, आणि काहींवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. वल्हवणारे खलाशी, ढाल-तलवार घेतलेले योद्धे, आणि वरच्या चौकटीत त्यातल्या पडलेल्या वीराला नेणाऱ्या अप्सरा. लाकूड खाणारा प्राणी दगडाला तोंड लावत नाही. गोव्याचं आरमार आपल्याला दिसतं ते कुणाच्या तरी मरणाची आठवण म्हणून कोरलेलं. ते बघायला एकटीनं जायचं, असं मी युर्गोर्डेनच्या परतीच्या बोटीत ठरवलं.

*

धारगळहून जुन्या गोव्याला जायचं तर आधी म्हापसा, मग पणजी, मग फोंड्याच्या दिशेची बस. शुक्रवारी जाऊन उपयोग नाही. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, बस भरलेल्या, बायका भरपूर, आणि घरातून निघताना प्रश्न शून्य. नेमकं त्याच दिवशी जुन्या गोव्याचं संग्रहालय बंद असतं. बाईला ज्या दिवशी सहज निघता येतं तोच दिवस दार बंद असण्याचा, याची खंत मला आजही वाटते.

महामार्ग रुंद झाल्यापासून आमचे थांबे इकडे-तिकडे सरकले आहेत. पेडण्याहून येणारी खासगी बस मिळते, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची लाल एसटीही मिळते. कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की पेडणे संपतं आणि बार्देश लागतं. "म्हापशें, म्हापशें" ओरडणारा किलीनर दाराशी लोंबकळत असतो, पण पोत्यासकट चढणाऱ्या म्हातारीला आधी हात देतो, मग शीळ मारतो. म्हापशाहून पणजीला कदंब या सरकारी बससेवेची शटल आहे. तिकीट खिडकीवर काढायचं, सीट मिळते, मध्ये थांबत नाही. मांडवीच्या पुलावरून जाताना माझ्या पिढीच्या माणसाला 1986 आठवतं. त्या जुलैत इथला पूल कोसळला आणि उत्तर गोवा पुन्हा फेरीबोटींवर आला. बेतीच्या धक्क्यावर तेव्हा जी रांग असायची तिच्यात मीही उभी राहिले आहे.

पणजीत वेळ असेल तर मी आदिलशाही राजवाड्यात डोकावते. युसुफ आदिलशाहाचा हा वाडा 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचं घर झाला, पुढे सचिवालय, मग 2000 सालापर्यंत विधानसभा. पाटोवरची इमारत धोकादायक ठरल्यावर राज्य संग्रहालय या वाड्यात आलं. इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्या हा संग्रहालयाचा प्रसिद्ध ऐवज. त्या टेबलाच्या पलीकडे कोण बसत होतं आणि अलीकडे कोणाला उभं करत होते, याचा विचार करत मी फार वेळ थांबू शकत नाही. 

जुन्या गोव्याचं संग्रहालय पुरातत्त्व खात्यानं 1964 साली सुरू केलं. ते सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटमध्ये आहे. दारातून आत गेलं की आफोन्सो द आल्बुकर्कचा भला मोठा ब्राँझचा पुतळा, जो एके काळी पणजीत उभा होता. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रं, एकामागून एक. हा चित्रसंग्रह जुआंव द कास्त्रोनं 1547 मध्ये सुरू केला. साडेचारशे वर्षांचे राज्यकर्ते त्या भिंतींवर आहेत आणि बहुतेक पर्यटक तिथंच रेंगाळतात, कारण चेहरे ओळखायचे असतात, कपडे बघायचे असतात. मी खाली थांबते. खाली विष्णूची मूर्ती आहे, सतीशिळा आहेत, वीरगळ आहेत. वीरगळावरचा माणूस कोण, कुठल्या गावचा, हे बहुतेक वेळा कळत नाही. वरच्यांची नावं, सनावळ्या, मानचिन्हं सगळं आहे; खालच्याचं मरण तेवढं आहे, आणि तो ज्या होडीवर मेला ती होडी. मी त्या दगडासमोर जितका वेळ उभी राहिले तितका वेळ सहलीत कधी मिळाला नसता. वल्ही मोजली. योद्ध्यांच्या केसांचे बुचडे पाहिले. एका खलाशाचं तोंड लढाईकडे नाही, पाण्याकडे आहे, असं मला दिसलं. कारागिरानं ते मुद्दाम कोरलं की दगडच तिथं झिजला, ठरवणं कठीण आहे. पण एकटीनं आणि निवांत बघितल्याशिवाय असा प्रश्न पडतच नाही.

मग मी बाहेर पडते आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे उतरते. वास्को द गामाच्या पणतवानं, फ्रान्सिस्को द गामानं, ही कमान सोळावं शतक संपताना उभारली. येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून हिच्यातून शहरात शिरायचा. मी उलट्या दिशेनं जाते. कमानीपलीकडे दिवाडीची फेरीबोट लागलेली असते. पायी माणसाकडून तिथं पैसे घेत नाहीत. नदी ओलांडायचा हक्क आम्ही फुकट ठेवला आहे, ही गोव्याची मोठी गोष्ट आहे, आणि स्टॉकहोमच्या कार्डातही ती नाही. स्कूटर, गाड्या, मासळीच्या टोपल्या, शाळेची मुलं, कामावरून परतणाऱ्या बायका, सगळे लोखंडी फलाटावर उभे. उतारू धावत येताना दिसला तर खलाशी दोर सोडायला थोडा वेळ लावतो.

दिवाडीला कुणी संग्रहालय म्हणत नाही. पण जुन्या गोव्यात पाहिलेल्या दगडांचं घर हे बेट आहे. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर इथं होतं. कदंब राजे स्वतःला सप्तकोटेश्वराचा वर मिळालेले म्हणवत, नाण्यांवर तसं कोरत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं. पियेदादच्या टेकडीवर आज सुंदर चर्च आहे, आणि शेजारच्या दफनभूमीतल्या कपेलाच्या छतात एका जुन्या देवळाचं कोरीव काम अजून दिसतं. टेकडीवर चढताना दम लागतो. वरून मांडवी, खाजनांची शेतं, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. बेटावर बस कमी आहेत. चालायचं, नाहीतर पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलवर बसायचं, नाहीतर कुणी थांबून विचारलं तर त्यांच्या गाडीतून जायचं. मला बहुतेक वेळा कुणीतरी विचारतं.

बेटाच्या दुसऱ्या बाजूला नार्व्याची फेरी आहे. नदीच्या पलीकडे डिचोली तालुका. त्या काळी पलीकडे पोर्तुगीज नव्हते, आदिलशाही होती, म्हणून देव पलीकडे गेला. लिंग विहिरीच्या काठावर रहाटाच्या कामाला लावलं होतं आणि रातोरात ते नार्व्याला नेलं, असं लोक सांगतात. ज्यांनी नेलं त्यांची नावं कुठल्या वीरगळावर नाहीत. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ बांधण्याची आज्ञा केली; दारावरच्या शिलालेखात तशी नोंद आहे. सरकारनं अलीकडे त्याचा जीर्णोद्धार केला आणि 2023 मध्ये ते पुन्हा उघडलं. मी गेले तेव्हा दीपमाळेजवळ दोन बायका सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलंच, "बाय, एकटीच आयल्यात? खंयच्यान?" मी धारगळ म्हटलं. मग कोणाची, कुठल्या वाड्यावरची, अमुक तमुक ओळखता का, असं सगळं झालं आणि पाणी आलं, गूळ आला.

सकाळी जुन्या गोव्यात दगडात पाहिलेली होडी, दुपारी ती होडी ज्यांच्या राजाची होती त्यांच्या देवाची मोडलेली जागा, आणि संध्याकाळी तोच देव जिथं आसऱ्याला गेला ते देऊळ. मध्ये दोन फेरीबोटी. संग्रहालयाच्या भिंतीपलीकडे चालत आणि पाण्यावरून त्या वस्तूंच्या गावापर्यंत जाता येणं, हे वासाच्या दालनात मला मिळालं नव्हतं. तिथं जहाज आहे आणि त्याच्याबद्दल सगळं लिहिलेलं आहे. इथं जहाज नाही, पण नदी तीच आहे, आणि तिच्यावर अजून बोट चालते. गोव्यातल्या कुठल्याही पर्यटनाच्या पत्रकात हा रस्ता सलग दिलेला मी पाहिलेला नाही. चर्चसाठी वेगळं पान, देवळांसाठी वेगळं, फेरीबोट हे तर वाहतुकीचं काम. खरं तर फेरीबोटीशिवाय यातलं काही जोडलंच जात नाही.

*

अडचण नार्व्याहून पुढे येते. डिचोलीला जाणारी बस कधी, हे धक्क्यावर कुठंही लिहिलेलं नाही. ते चहाच्या टपरीवर विचारावं लागतं, आणि उत्तर माणसागणिक बदलतं. "येयत आतां." "ती गेली." "आज आयतार मगो." डिचोलीहून अस्नोडा, थिवी करत म्हापसा मिळतं, म्हापशाहून धारगळ. पण डिचोलीला वेळेत पोचलं तर. उन्हं उतरायला लागली की रस्त्याच्या कडेला उभ्या बाईच्या मनात हिशेब सुरू होतो, आणि तो सुरू झाला की समोरचं देऊळ, नदी, माणसं काही दिसेनासं होतं. मला हा अनुभव आला आहे. 

एकट्या फिरणाऱ्या बाईचं कौतुक करताना लोक धीटपणाचं कौतुक करतात. स्टॉकहोमला जाऊन आल्यावर मलाही खूप जणांनी "धीर बरो तुमचो" म्हटलं. पण तिथं मी धारगळपेक्षा जास्त धीट नव्हते. गुडघे तेच होते, पिशवी तीच, रात्रीची भीती तीच. तिथं मला पुढची गाडी केव्हा आहे ते माहीत होतं, संग्रहालयात बसायला बाक होता, सामान ठेवायला कपाट होतं, स्वच्छतागृह होतं, आणि भूक लागली तर आत गरम सूप मिळत होतं. माझा धीर त्या व्यवस्थेतून आलेला होता. कोणीतरी बसून, एकट्या माणसाला काय काय लागेल याचा विचार केला होता, आणि तो करताना त्या माणसाचं वय, भाषा, नवरा, गाव काही विचारलं नव्हतं.

आमच्याकडे ती जागा ओळख भरून काढते. कंडक्टर माजी विद्यार्थी निघतो आणि बस घराच्या फाट्यावर थांबवतो. नार्व्याच्या बायका पाणी देतात. फेरीचा खलाशी थांबतो. ही माया मला कुठल्याही कार्डाच्या बदल्यात द्यायची नाही. पण ती मला मिळते कारण मी बाई आहे, पिकल्या केसांची, मास्तरीण, धारगळची. पेडण्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करणारी वीस वर्षांची मुलगी, किंवा मोपाच्या विमानतळावर सफाईला परगावाहून आलेली बाई, हिला ती ओळख कुठून मिळणार? तिला वेळापत्रक लागतं. 5 जानेवारी 2023 पासून आमच्या शेजारच्या पठारावरून विमानं उडू लागली. आता धारगळच्या आकाशातून माणसं जगभर जातात. त्याच धारगळातून जुन्या गोव्याला जाऊन दिवाडी-नार्वेमार्गे अंधार पडायच्या आत परत येणं हे एकट्या मुलीसाठी अजून धाडस ठरतं, हे मला मान्य नाही.

बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेलं गोवा चित्र संग्रहालय आहे. जुनी शेतीची अवजारं, पायली-कुडवाची मापं, घाणे, बैलगाड्या, हजारो वस्तू. स्टॉकहोमला आर्तुर हासेलियुस यांनी 1891 मध्ये स्कान्सेन सुरू केलं ते याच तळमळीतून. कारखाने आले, खेडी बदलली, तेव्हा त्यांनी जुनी घरं खांबासकट आणून एका टेकडीवर मांडली. स्कान्सेनच्या दारात ट्राम थांबते. बाणावलीच्या संग्रहालयाला धारगळहून एकटीनं बसनं जायचं तर म्हापसा, पणजी, मडगाव आणि पुढे आणखी एक बस. मी गेले. आमच्या आजीच्या घरातलं माप तिथं काचेआड नाही, हाताशी पाहिलं. तिथली लाकडी अवजारं बघायला खरं तर पेडण्यातल्या ज्या शेतकरी बायकांनी जावं, ज्यांनी ती हाताळली आहेत, त्यांना त्या चार बस परवडतील पण तो दिवस परवडणार नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी आता कॉलेजात इतिहास घेते. वीरगळांबद्दल ऐकून ती विचारायला आली, आणि तिला एकटीनंच जायचं होतं. तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, जाऊ दे. मग तिला कागदावर रस्ता लिहून दिला. शुक्रवार सोडून कुठलाही दिवस. सकाळची म्हापशाची बस, शटल, जुनं गोवं. आधी वरची चित्रं भराभर, मग खालचे दगड सावकाश. कमानीतून फेरी, दिवाडी, टेकडीवर पाण्याची बाटली बरोबर, दुसरी फेरी, नार्वे. नार्व्याहून डिचोलीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र मला खात्रीनं लिहिता आली नाही. बसच्या वेळा दिवाडी आणि नार्वे, दोन्ही धक्क्यांवर मोठ्या अक्षरांत लावाव्यात, त्याखाली संग्रहालयाची आणि देवळाची वेळही द्यावी, आणि बंद असण्याचा वार लाल रंगात लिहावा, असा अर्ज मी दिला आहे. फलक कसा असावा त्याचं चित्रही त्या मुलीनं काढून सोबत जोडलं आहे.